अंबरनाथच्या कारखान्यांतले लिनक्स: अपग्रेड करताना काय टिकते, काय अडते

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. अंबरनाथच्या आनंदनगर, मोरिवली किंवा वडोलगाव एमआयडीसीतल्या, बदलापूरच्या खरवईतल्या लहान युनिटच्या ऑफिसात चार-पाच पीसी असतात. बिलिंगचा एक, खरेदी-विक्रीचा एक, क्यूसी रिपोर्टचा एक, ड्रॉइंगचा एक आणि स्टोअरचा एक. यातले सहाव्या-सातव्या पिढीचे असेंबल्ड पीसी आजही उत्तम चालतात, पण विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. उद्योगांना विंडोज १० ची वाढीव मुदत मिळते, ती दरवर्षी वाढत जाणाऱ्या दराने पैसे भरून.

म्हणून लिनक्सचा विचार पुन्हा सुरू झाला आहे. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला, तेव्हा ज्यांनी लिनक्स बसवले त्यांचीही मुदत याच सुमारास भरली. लिनक्सच्या वितरणांपैकी मिंट २० चा पाठिंबा एप्रिल २०२५ मध्ये आणि उबुंटू २०.०४ चा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये थांबला. नव्याने येणारे आणि आधीपासून असलेले, दोघांसमोरचा प्रश्न एकच आहे: नवी आवृत्ती चढवल्यावर ऑफिसातले काय चालू राहील आणि काय बंद पडेल? या प्रश्नाचे उत्तर लिनक्सपेक्षा त्याला जोडलेल्या वस्तूंमध्ये जास्त सापडते. प्रिंटर, सहीचे टोकन, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट यांचा हिशेब आधी मांडला, तर अपग्रेड हे एका दिवसाचे काम ठरते. तो न मांडता सुरुवात केली, तर डिस्पॅच अडतो आणि दोष लिनक्सला मिळतो.

एकेका पायरीची वाट

उबुंटूची दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. तिला पाच वर्षे नेहमीचा पाठिंबा असतो: २२.०४ ला २०२७ पर्यंत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. मिंट २१ आणि २२ अनुक्रमे याच दोन आवृत्त्यांवर उभ्या आहेत, त्यामुळे त्यांच्याही मुदती त्याच. डेबियन या आणखी एका वितरणाची १३ ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली.

पायऱ्या गाळून चालत नाही. उबुंटू २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ लागते. मिंटमध्येही आधी त्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर यावे लागते: २०.३ वरून २१, आणि २१.३ वरून २२. शिवाय नवी एलटीएस आल्या दिवशी ती घेण्याची घाई करू नये. जुन्या एलटीएसवाल्यांना उबुंटू स्वतःच नवी आवृत्ती पहिल्या दुरुस्तीनंतर सुचवते. ऑगस्ट २०२४ मध्ये २४.०४.१ आल्यावरही २२.०४ वाल्यांचे अपग्रेड एका गंभीर दोषामुळे काही दिवस थांबवावे लागले होते. कारखान्यासाठी दोन-तीन महिने थांबणे हा शहाणपणा आहे.

पीसी बत्तीस-बिटचा असेल, तर वाट इथेच संपते. उबुंटूने २०१७ मध्ये १७.१० पासून बत्तीस-बिट डेस्कटॉपची इन्स्टॉल फाइल देणे बंद केले. डेबियन १३ मध्ये बत्तीस-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभाही नाही. असा पीसी आता नेटपासून दूर ठेवावा किंवा निवृत्त करावा.

गाभा टिकतो, भोवतालचे तुटते

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नेलचा एक कडक नियम आहे: नव्या कर्नेलमुळे जुना प्रोग्राम बंद पडता कामा नये. तो नियम बऱ्यापैकी पाळला जातो. अडचण त्याच्या वरच्या थरात येते, म्हणजे प्रोग्राम ज्यांच्यावर उभे असतात त्या सामाईक लायब्ररींमध्ये.

उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि १.१ गेली. त्या जुन्या आवृत्तीवर बांधलेले बाहेरचे प्रोग्राम सुरूच होईनात. उबुंटू २२.०४ पासूनच फ्यूज २ ही लायब्ररी आपोआप येत नाही, त्यामुळे अनेक ॲपइमेज फाइली उघडत नाहीत. २४.०४ मध्ये कारण वेगळे होते. बत्तीस बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. त्यावर उपाय म्हणून अनेक पॅकेजे नव्याने बांधली गेली आणि त्यांच्या नावांना 'टी६४' जोडले गेले. जुन्या नावाने लायब्ररी मागणाऱ्या इन्स्टॉल स्क्रिप्ट तिथे अडखळल्या. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि डेबियन १२ मधून ते काढले गेले. कुणी हौसेने लिहून दिलेली, स्टॉकचा रिपोर्ट काढणारी जुनी स्क्रिप्ट अशा अपग्रेडनंतर मुकी होते.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून घेतलेले सॉफ्टवेअर आवृत्तीबरोबर पुढे सरकते. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, पीडीएफ वाचक अपग्रेडनंतर सहसा कुरकुर करत नाहीत. बाहेरून डबल क्लिक करून बसवलेले मात्र मागे राहते. म्हणून 'आपल्या पीसीवर बाहेरून आलेले काय काय आहे' हा अपग्रेडपूर्वीचा पहिला प्रश्न आहे.

प्रिंटर: सर्वांत जास्त फोन याच कारणासाठी

आपल्याकडच्या ऑफिसांत कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. तो मजबूत आहे आणि त्याचा टोनर कुठेही भरून मिळतो. पण तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि त्याच्या लिनक्स ड्रायव्हरचे काही भाग बत्तीस-बिट आहेत. चौसष्ट-बिट उबुंटूवर त्यासाठी बत्तीस-बिट लायब्ररी वेगळ्या बसवाव्या लागतात आणि प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर ही कसरत नव्याने करावी लागते. स्वयंसेवकांनी या भाषेचा उलगडा करून खुला ड्रायव्हर लिहिला आहे. तो काहींकडे नीट चालतो, पण रोज शंभर चलाने छापणाऱ्या ऑफिसने त्यावर विसंबण्याआधी चार दिवस चाचणी घ्यावी.

एचपी लेसरजेट १०२० ची तऱ्हा निराळी. त्याचे फर्मवेअर प्रिंटरमध्ये राहत नाही, चालू केल्यावर दर वेळी पीसीकडून पाठवावे लागते. ते काम एचपीलिप सॉफ्टवेअरचे बंद प्लगइन करते आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपग्रेडने एचपीलिप बदलते, प्लगइन जुनेच राहते आणि प्रिंटर गप्प बसतो. उपाय सोपा आहे: प्लगइन पुन्हा उतरवून घ्यायचे. हे माहीत नसेल, तर अर्धा दिवस जातो.

गेटपास आणि कार्बन प्रतींच्या चलानासाठी लागणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्या मानाने सरळ आहेत. टीव्हीएस किंवा एप्सनच्या बहुतेक यंत्रांना एप्सनची जुनी आज्ञाभाषा कळते आणि तिचे ड्रायव्हर लिनक्समध्ये असतातच. फक्त कागदाची लांबी आणि मार्जिन नव्याने जुळवावी लागतात.

पुढची दिशाही स्पष्ट आहे. लिनक्सची छपाई यंत्रणा, कप्स, ड्रायव्हरविना छपाईकडे निघाली आहे. एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर चालणारा प्रिंटर घेतला, तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि अपग्रेडने तो तुटतही नाही. यापुढचा प्रिंटर घेताना दुकानदाराला हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

डिजिटल सही आणि सरकारी पोर्टल

कारखान्याच्या मालकाला सर्वांत जास्त धास्ती असते ती डीएससीच्या यूएसबी टोकनची. जीएसटी, प्राप्तिकर, कंपनी नोंदणी, ई-टेंडर यांत कुठे ना कुठे ते लागते. बऱ्याच पोर्टलवर सही करण्यासाठी ब्राउझरशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम पीसीवर बसवावा लागतो, आणि खाली टोकन बनवणाऱ्याचा ड्रायव्हर लागतो. लिनक्ससाठी यातले काही मिळते, काही मिळत नाही, आणि मिळते ते बहुधा एखाद्या जुन्या उबुंटूवर तपासलेले असते.

त्यात २२.०४ ने भर घातली. या आवृत्तीपासून उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. सुरक्षेसाठी स्नॅपला कुंपणात ठेवलेले असते आणि त्या कुंपणामुळे ब्राउझरला टोकनच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचता येईना. कालपर्यंत होणारी सही अपग्रेडनंतर अडली, ती यामुळे. यावर दोन मार्ग आहेत: मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातून साधा फायरफॉक्स घ्यावा, किंवा मिंट वापरावे, कारण त्यात फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपातच येतो.

हा दोष लिनक्सचा एकट्याचा नाही. जुनी पोर्टल ब्राउझरमधल्या जावा प्लगइनवर उभी होती. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ते प्लगइन बंद केले, तेव्हा विंडोजवालेही असेच अडकले होते.

लहान युनिटसाठी एक व्यवहार्य मुद्दा आहे. जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी डीएससी बंधनकारक आहे ती कंपन्या आणि एलएलपींना. एकमालकी किंवा साध्या भागीदारीच्या युनिटला मोबाइलवरच्या ओटीपीने विवरणपत्र भरता येते. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसही ब्राउझरमधून निघते. अशा युनिटचे बरेचसे काम कोणत्याही लिनक्सवर होते. ज्यांना टोकन लागतेच, त्यांनी सहीपुरता एक विंडोज पीसी ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

हिशेब आणि ड्रॉइंग

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनते. लिनक्सवर ते वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या आधाराने चालवणारे आहेत, पण त्याला कंपनीचा पाठिंबा नाही. वाइन किंवा टॅली यांपैकी एकाची आवृत्ती बदलली की लायसन्स, छपाई किंवा एक्स्पोर्ट अडू शकते. मार्चअखेरीला ज्यावर सगळा हिशेब अवलंबून आहे, ते सॉफ्टवेअर अशा आधारावर ठेवू नये. त्याला वेगळा विंडोज पीसी, व्हर्च्युअल मशीन किंवा क्लाउडवरचे टॅली द्यावे.

खुला पर्याय आपल्या शेजारीच तयार झाला आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते सर्व्हरवर लिनक्समध्ये चालते आणि बाकीचे पीसी फक्त ब्राउझर उघडतात. त्यामुळे डेस्कटॉपच्या अपग्रेडचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण सर्व्हरचा प्रश्न उरतो. ईआरपीनेक्स्ट १४ ला पायथन ३.१० लागते, उबुंटू २०.०४ मध्ये ३.८ आहे. उलट सर्व्हरची उबुंटू बदलली की पायथन बदलते आणि आधीची मांडणी मोडते. म्हणून सर्व्हर आहे तिथे अपग्रेड न करता शेजारी नवा सर्व्हर उभा करावा आणि डेटा तिकडे न्यावा.

ड्रॉइंगच्या टेबलावर चित्र संमिश्र आहे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाहीत. ब्रिक्सकॅडची लिनक्स आवृत्ती मिळते, ती विकत घ्यावी लागते. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. फिक्स्चर, ब्रॅकेट, साधे पार्ट काढायला ती पुरते. पण ग्राहकाने पाठवलेली ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडून, दुरुस्त करून तशीच परत द्यायची असेल, तर अडचण कायम आहे. केवळ मापे बघायला स्टोअर आणि क्यूसीच्या पीसीवर पीडीएफ पुरते. ड्रॉइंगचे एक टेबल विंडोजवर ठेवून बाकीची लिनक्सवर नेणे हा आजचा व्यवहार्य तोडगा आहे.

यंत्राजवळचा पीसी

सीएनसीला प्रोग्राम पाठवण्यासाठी आजही आरएस-२३२ ची केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर वापरात आहेत. इथे लिनक्सची बाजू भक्कम आहे. प्रोलिफिकच्या जुन्या चिपचे कन्व्हर्टर विंडोजच्या नव्या ड्रायव्हरने नाकारले, लिनक्समध्ये ते मुकाट चालतात, कारण ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे आणि कुणी एक कंपनी तो काढून घेऊ शकत नाही.

पण धडा इथेही मिळाला. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच३४० चिपचा स्वस्त कन्व्हर्टर लावला की क्षणात तुटू लागला. अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीची बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेत होती. ज्या पीसीला ब्रेल पट्टी लागत नाही, तिथे ती सेवा काढली की प्रश्न सुटतो. कन्व्हर्टर खराब झाला असे समजून नवा आणला आणि त्यातही तीच चिप निघाली, तर दुखणे तसेच राहते.

जुन्या मिलिंग यंत्रावर लिनक्ससीएनसी बसवून त्याला नवे आयुष्य देणारेही आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या प्रकल्पातून निघालेले हे सॉफ्टवेअर काटेकोर वेळ पाळणाऱ्या रिअल-टाइम कर्नेलवर चालते. तो भाग मूळ कर्नेलमध्ये ६.१२ या आवृत्तीत, २०२४ मध्ये सामावला गेला, त्यामुळे पुढची वाट सोपी होईल. तरीही यंत्र हलवणाऱ्या पीसीबद्दल नियम एकच: तो नेटला जोडू नका आणि चालत असेल, तर अपग्रेड करू नका. तिथली चूक टेबलावर थांबत नाही, टूल आणि जॉब मोडते.

मराठी आणि पडदा

जुनी मराठी पत्रे, ठराव, कामगारांच्या नोटिसा डीव्हीबी सुरेख, शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून असतात. त्या फाइलींतली अक्षरे त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. नव्या पीसीवर फॉन्ट नसेल, तर इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. अपग्रेडच्या निमित्ताने त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. युनिकोडमधल्या फाइलींचा त्रास किरकोळ आहे: विंडोजचा मंगल फॉन्ट लिनक्समध्ये नसतो, त्याजागी लोहित किंवा नोटो येतो आणि पानांची मोडणी बदलते. मुक्त परवान्याचा मुक्तासारखा फॉन्ट सगळ्या पीसींवर एकसारखा बसवला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

पडद्याचा बदल मोठा आहे. एक्स११ ही जुनी यंत्रणा जाऊन वेलँड येत आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोम डेस्कटॉपचे एक्स११ सत्र उरलेले नाही. सीए किंवा हार्डवेअरवाला ॲनीडेस्कवरून आपल्या पीसीवर येऊन काम करतो, त्या सोयीला वेलँडवर अडथळे आले. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून एक्स११ वर चालतो, म्हणून लहान ऑफिसला सध्या तो सोयीचा. जीटी ७१० सारख्या जुन्या एनव्हिडिया कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर नव्या कर्नेलबरोबर टिकत नाही. ऑफिसच्या कामाला खुला नूवो ड्रायव्हर पुरतो.

इतरांनी काय केले

केरळने शाळांसाठी काइट संस्थेमार्फत उबुंटूवर आधारित एकच प्रणाली ठरवली, तीच सगळीकडे बसवली आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक त्यावर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचे ठरवले. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार संगणकांसाठी लिब्रेऑफिस आणि लिनक्सची वाट धरली. आपल्याकडे सीडॅकने डेबियनवर आधारित बॉस लिनक्स २००७ मध्येच दिले. यातून निघणारी गोष्ट साधी आहे. एक आवृत्ती, एकसारखी मांडणी आणि हाकेच्या अंतरावर मदत असेल, तर लिनक्स टिकते. प्रत्येकाने आपापले वेगळे बसवले, तर टिकत नाही.

करायचे कसे

आधी यादी: प्रत्येक पीसीचा प्रिंटर, टोकन, कन्व्हर्टर, वाय-फाय आणि बाहेरून आलेले सॉफ्टवेअर. मग नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसवता पीसी त्यावरून सुरू करावा आणि यादीतली एकेक वस्तू चालवून बघावी. इथेच निम्म्या अडचणी कळतात.

बॅकअपबद्दल एक सावधगिरी: टाइमशिफ्ट हे साधन प्रणालीची प्रत ठेवते, होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइलींची आपोआप ठेवत नाही. त्या वेगळ्या घ्याव्यात. बॅकअप तळमजल्यावरच्या त्याच ऑफिसात ठेवू नये. २६ जुलै २००५ चे आणि जुलै २०१९ चे पाणी उल्हास नदीकाठाने पाहिले आहे.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नवी एसएसडी घेऊन त्यावर नवी आवृत्ती बसवणे आणि जुनी डिस्क कपाटात ठेवणे. काही अडले तर पंधरा मिनिटांत जुनी डिस्क लावून काम सुरू होते. आहे तिथेच अपग्रेड करायचे असेल, तर पीसी चांगल्या यूपीएसवर हवा. पॅकेजे बसत असताना वीज गेली, तर प्रणाली अर्धवट राहते. दिवस साप्ताहिक सुटीचा निवडावा, आपल्या पट्ट्यात तो बहुतेक ठिकाणी शुक्रवार असतो. अपग्रेडने बाहेरची भांडारे बंद केलेली असतात, ती नव्या आवृत्तीसाठी तपासून एकेक करून उघडावीत.

निष्कर्ष

पत्रव्यवहार, ई-मेल, ई-वे बिल, क्यूसी रिपोर्ट, स्टोअरच्या नोंदी यांसाठीचे पीसी आजच निर्धास्तपणे लिनक्सवर न्यावेत. टॅली, डीएससी आणि ऑटोकॅड यांची टेबले विंडोजवर राहू द्यावीत. यंत्राजवळच्या पीसीला हात लावू नये. आणि यापुढे प्रत्येक खरेदीच्या वेळी 'हे लिनक्सवर चालते का' हे लेखी विचारावे. दहा गिऱ्हाइके विचारू लागली की विक्रेतेही उत्तर शोधतात.

अंबरनाथच्या उत्पादक संघटनांना एक विनंती आहे. कोणता प्रिंटर, कोणते टोकन, कोणता कन्व्हर्टर कोणत्या आवृत्तीवर चालतो, याची सामाईक यादी सदस्यांकडून गोळा करून दरवर्षी प्रसिद्ध करा. आयटीआयच्या कोपा अभ्यासक्रमात लिनक्सची ओळख होते आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे फुकट मिळतात. हे शिकलेल्या मुलामुलींना या कामावर घ्या. यासाठी मोठा खर्च लागत नाही, फक्त सुरुवात करणारी एक संघटना लागते.